पाठ भिंतीला टेकवून

नाचणगावच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुबड्या, काठ्या, कडेवर घेतलेली लेकरं, आणि सगळ्यांच्या पुढे एक सुंभाची बाज. बाजेवरून उठणारा प्रत्येक जण नीट चालायचा प्रयत्न करी आणि लोक टाळ्या पिटत.

उपचार करणारे अण्णाजी पांढऱ्या कोटात होते. लिंबू नाही, नारळ नाही, उदबत्ती नाही. "इथं देव नाई, दगड नाई," ते सांगत होते. "हे विज्ञान आहे. हाडाले कान असते. आपण प्रेमानं सांगाचं, हाडानं वाढाचं." हाडाला खरंच कान असते तर या बडबडीनं ते केव्हाच बहिरं झालं असतं.

माझा भाऊ रत्नदीप या कोटाला भुलला होता. आमच्या घरात भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. अंगाऱ्याची पुडी घेऊन कुणी आलं असतं, तर त्याने त्याला फाटकातूनच परत पाठवलं असतं. देवाचं नाव नाही म्हणजे फसवणूकही नाही, असं तो धरून चालला.

आचल ही त्याची मुलगी. लहानपणी मोडलेलं हाड वाकडं जुळलं आणि तिच्या डाव्या पायाची वाढ खुंटली. सर्जनने नडगीचं हाड कापून सरळ केलं, पायाभोवती लोखंडी कड्या बसवल्या. त्यांचे नट पान्याने रोज किंचित फिरवायचे; कापलेली टोकं जराशी दूर सरतात आणि मधल्या फटीत नवं हाड धरतं. भावनावहिनी पाना फिरवायची, आचल उशी चावायची. पहिल्या भेटीत अण्णाजी म्हणाले, "लोखंडानं हाडाचे कान बंद होते. पाना थांबवा." रत्नदीपने पाना कपाटात टाकला. हे मला फार उशिरा कळलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. कळलं तेव्हा रागसुद्धा आला नाही, नुसती बसून राहिले. त्या दिवशी, दुसऱ्या भेटीला, मीही सोबत होते.

अण्णाजींनी आचलला बाजेच्या काठावर बसवलं, पाय समोरच्या बाकावर सरळ ठेवले. डावी टाच मागे होती, सगळ्यांना दिसेल इतकी. त्यांनी दोन्ही टाचा धरल्या, डोळे मिटले आणि "वाढ बेटा, वाढ" म्हणत हाडाला गोंजारलं. हळूहळू टाचा एका रेषेत आल्या. हॉलमध्ये "साधु, साधु" झालं. रत्नदीपचे डोळे भरून आले.

"आत्या," आचल म्हणाली, "मी खड्ड्यात गेली."

"कोन्त्या खड्ड्यात?"

"बाजेच्या. उजव्या अंगानं सुंभ ढिला आहे. त्यायनं उजवा पाय दाबला अन् मी मागं सरकली."

मी वाकून पाहिलं. उजव्या बाजूची वीण मुद्दाम सैल सोडली होती. डावा पाय वाढला नव्हता. चांगला पाय कमरेसकट मागे गेला होता.

"खाली बस," मी म्हटलं. "पाठ भिंतीले टेकव."

ती बसली. डावी टाच पुन्हा मागे.

"भिंत ऊर्जा खाऊन टाकते," अण्णाजी म्हणाले. कुणीतरी हसलं. मग मी रत्नदीपला बाजेवर बसवलं आणि त्याची उजवी टाच मागे रेटली. त्याचा ठणठणीत पाय सगळ्यांसमोर आखूड झाला. तो आपल्याच टाचांकडे बघत राहिला. हॉलमधली अर्धी माणसं उठली. उरलेली रांगेत पुढे सरकली.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "पाय पुरता वाढायच्या आधीच फट भरून हाड पक्कं झालंय. पुन्हा कापावं लागेल."

"पुन्हा?" रत्नदीपने विचारलं. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटली.

हाड कुणाचं ऐकत नाही. ते त्याच्या गतीनं वाढतं, त्याच्या गतीनं जुळतं. कुणी चमत्कार दाखवला तर तो देवाच्या नावाने आहे की विज्ञानाच्या, हे पाहू नका. पाठ भिंतीला टेकवा, मग मोजा.

वहिनीने पर्समधून पाना काढला आणि ऑपरेशननंतर हाच चालेल का, असं डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले. आचलने तो आईच्या हातातून घेतला आणि बापापुढे धरला.

"बाबा, आता तुमी फिरवजा," ती म्हणाली. "अन् मी रडली तरी थांबजा नोका."