आठ वाजताचा पेन

मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या मे महिन्यातली आहे. मी एक जुना इन्सुलिनचा पेन आहे. मला लिहिता येत नाही. माझ्या पोटात शाईऐवजी औषधाची काचेची नळी बसते, टोकाला केसाएवढी सुई लागते आणि मागची कळ फिरवली की जितका आकडा तितक्या वेळा टिकटिक होते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते चारकोपमधलं दोन खोल्यांचं घर. अनंत तिथल्याच औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्याची बायको सुगंधा, मुलगा देवेश आणि धाकटी अक्षता. अक्षता आठ वर्षांची असताना एकाएकी वाळून काडी झाली. सारखं पाणी मागायची. डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या शरीराने इन्सुलिन बनवणं थांबवलं आहे, आता ते जन्मभर बाहेरून द्यायचं. वर्षभर सुगंधाने सिरिंजने टोचलं. मग आम्ही दोन पेन त्या घरात आलो.

माझा निळा सोबती जेवणाआधी लागायचा. त्याचं औषध झटपट काम करी आणि तीन-चार तासांत संपून जाई. माझं औषध सावकाश झिरपणारं. रोज संध्याकाळी आठला एकदा टोचलं की दुसऱ्या दिवशी आठपर्यंत पुरायचं. अक्षता मला ‘आठ वाजताचा’ म्हणे. आज उजवी मांडी, उद्या डावी, परवा पोट, अशा खुणा सुगंधा भिंतीवरच्या कॅलेंडरवर करी. शाळेची सहल आरे कॉलनीत गेली तेव्हा ती आम्हाला पिशवीत घेऊन बसच्या मागच्या सीटवर बसली होती. अकरा वर्षांत तिने माझी वेळ एकदाही चुकवली नाही. असं काम मिळणं हे माझं भाग्यच होतं.

फक्त एक गोष्ट मला सलायची. पाहुणे आले की मला डाळींच्या डब्यांमागे ढकलत. मुलीच्या जातीचं आहे, उद्या लग्नाला अडेल, असं सुगंधाची नणंद वनमाला सांगायची. ती मुलुंडला राहायची आणि त्या घरात तिचा शब्द चाले.

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर पंप आला. काड्यापेटीहून थोडा मोठा, कमरेला अडकवायचा. त्यातून एक बारीक नळी पोटाच्या कातडीखाली जाई आणि दिवसरात्र थेंबथेंब इन्सुलिन सोडी. पंप शिकवायला श्रुतिका नावाची बाई घरी आली. तिने नीट समजावलं की यात फक्त झटपट औषध आहे, अंगात साठा राहत नाही, तासाभराहून जास्त काढून ठेवू नका. दिवसभर काढायचाच झाला तर मला विचारा, आदल्या दिवशी जुन्या पेनने लांब पल्ल्याचं औषध घ्यावं लागेल. मी टेबलावरून सगळं ऐकत होतो. अक्षताही ऐकत होती. सुगंधा मात्र त्या वेळी श्रुतिकासाठी पोहे परतायला आत गेली होती. घरी आलेल्या बाईला नुसतं कसं पाठवायचं?

निळ्या सोबत्याला टाकून दिलं आणि मला कपाटाच्या खणात ठेवलं गेलं. मित्रांनो, मी रुसलो नाही असं म्हणणार नाही. पण अक्षता खुलली होती. रोजची चार टोचणी संपली. ती आता नोकरीला लागली होती. ऑफिसात पंप वाजला की ती मैत्रिणींना म्हणे, थांबा गं, नवरा बोलावतोय.

मग देवेशचं लग्न ठरलं, मुलुंडच्या प्रियंकाशी, तिथल्याच एका हॉलमध्ये. अक्षता करवली. हातात करा घेऊन भावाच्या मागे उभी राहणार, सगळ्यांच्या नजरेत. आणि त्याच लग्नात वनमालाने अक्षतासाठी बोरिवलीचं एक स्थळ बोलावून ठेवलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला शालू नेसवताना वनमालाचं लक्ष पंपाकडे गेलं. स्थळाकडच्यांनी विचारलं तर काय सांगायचं, चार तास काढून ठेवायला काय हरकत आहे, असं तिने सुगंधाला विचारलं.

“चार तास नाही चालत गं आई, काढून,” अक्षता म्हणाली.

“अगं, आठला एकदा टोचलं की दुसऱ्या आठपर्यंत बघायला लागायचं का आपल्याला?” सुगंधा म्हणाली.

“ते वेगळं होतं. ते आठ वाजताचं होतं.”

“औषध तेच ना? मी अकरा वर्षं टोचलंय, मला शिकवू नको.”

“काय होणां नाय गो,” वनमाला म्हणाली. “एकदा पसंती होऊ दे, मग सावकाशीने सांगूया.”

अक्षताने खाली गाडीत बसलेल्या देवेशची हाक ऐकली आणि पंप काढून आईच्या हातात दिला. मंगलाष्टकं झाली की लगेच लावते, तुझ्या पर्समध्ये ठेव, असं तिने बजावलं. ती खाली उतरली. तेवढ्यात वनमालाने सुगंधाला अडवलं. एवढी महागाची वस्तू, हॉलच्या गर्दीत पर्स कोणी उचलली तर? सुगंधाला ते पटलं. तिने पंप माझ्या शेजारी खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

दिवसभर तो माझ्याशेजारी वाजत राहिला. त्या बंद घरात त्याची हाक ऐकणारा मी एकटा होतो, आणि मला कुलूप उघडता येत नव्हतं.

पुढचं मी नंतर ऐकलं. दीड वाजता अक्षताने पंप मागितला, तेव्हा तिला कळलं की तो चारकोपला आहे. सगळ्यांसमोर गोंधळ नको म्हणून ती गप्प बसली. तीनला तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळपासून उपाशी आहे, पित्त चढलं असणार, असं म्हणून तिला लिंबू सरबत पाजलं. तेव्हा तिने बाबांना हळूच सांगितलं. अनंत लगेच रिक्षा करून निघाला.

मुलुंडहून चारकोपला यायला त्याला दोन तास लागले. त्याने खण उघडला, पंप उचलला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मलाही शर्टाच्या खिशात टाकलं. तोच फोन वाजला. अक्षता हॉलच्या जिन्यात कोसळली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुगंधाला विचारलं, लांब पल्ल्याचं इन्सुलिन शेवटचं कधी दिलं?

“ते आता लागत नाही ना,” ती म्हणाली. “पंप आहे.”

अनंतने खिशातून मला काढून पुढे केलं. “हा आणलाय मी. हा चालेल?”

डॉक्टरांनी मला त्याच्या हातातून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. आता शिरेतून औषध चालू होतं. माझी वेळ आदल्या संध्याकाळी आठची होती. तिसऱ्या दिवशी अक्षता गेली. ती वीस वर्षांची होती.

मित्रांनो, पंपावर माझा राग नाही. त्या सहा महिन्यांत तिला जे सुख त्याने दिलं, ते मी अकरा वर्षांत देऊ शकलो नव्हतो. तुमच्या वर्गात कोणाच्या कमरेला असं यंत्र दिसलं तर त्याला ते काढायला किंवा झाकायला सांगू नका. आणि नवं घरात आणताना जुनं काय काय करत होतं, ते एकदा विचारून घ्या.

पंप श्रुतिकाने नेला. आता तो घाटकोपरच्या एका मुलाच्या कमरेला आहे. देवेश आणि प्रियंका विरारला राहायला गेले. लग्नाचा अल्बम त्यांनी अजून आणलेला नाही. वनमाला येते, पण चहा न घेता उठते. अनंतने कारखाना सोडला. मी खणात आहे, माझ्यातलं औषध केव्हाच मुदत संपून बाद झालं आहे.

सुगंधा दर रविवारी मला पुसून ठेवते. कोणी नव्या माणसाने मुलंबाळं विचारली तर ती सांगते, दोन. धाकटीला लहानपणापासून डायबिटीस आहे.