हात मांडीखाली

लिफ्टचा मेकॅनिक चिनी भाषेच्या परीक्षेत नापास झाला. झाला तर झाला. तसं काही घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण तोही तसंच धरून बसला आहे.

पास होणाऱ्याला कंपनी तीन महिने चीनमधल्या लिफ्टच्या कारखान्यात पाठवणार होती. त्याने सगळी क्रियापदं घोटून ठेवली. एकच घशाखाली उतरेना: पेइ.

“पेइ म्हणजे सोबत करणे,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “आधी पेइ, मग माणूस, मग त्या माणसाचं काम.”

“आणि मी काय करायचं?”

“बरोबर असायचं. मदतीला वेगळं क्रियापद आहे.”

बाई फळा पुसायला वळल्या. मेकॅनिकने उठून डस्टर काढून घेतला.

“इथेच अडतं तुमचं,” बाई म्हणाल्या. “घरी कुणावर तरी सराव करा.”

घरी वडील होते. निवृत्त टायपिस्ट. तीन वर्षं ते भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करत होते. मेकॅनिकने ते दहा मिनिटांत केलं असतं, म्हणूनच त्याला कधी दिलं नव्हतं.

तो शेजारी स्टूल घेऊन बसला. हात आपसूक स्क्रूड्रायव्हरकडे गेला.

“हात मागे.”

त्याने हात मांडीखाली दाबले.

“काय चाललंय?”

“अभ्यास, बाबा. तुमच्याशेजारी बसायचा.”

“याचीही परीक्षा असते?”

“रविवारी दहाला.”

“बरं झालं. तुझ्या शाळेत हा विषय नव्हता.”

रविवारी साडेनऊला तो बूट घालत होता, तेव्हा वडिलांनी शेवटची स्प्रिंग चिमट्यात धरली.

“निघालास?” एवढंच विचारलं.

तो बुटांसकट स्टुलावर बसला. शेवटी वडिलांनी मनगटावरच्या घड्याळात बघून काटे सव्वाअकरावर लावले आणि घड्याळ चालू झालं. अगदी नेमकं, फक्त उलट्या दिशेने.

“चालतंय ना,” वडील म्हणाले.

चूक कुठे आहे ते मेकॅनिकला दिसत होतं. हात मांडीखालीच राहिले.

सोमवारी त्याने परीक्षा कार्यालयात अर्ज दिला:

“महोदय, अर्जदार गैरहजर होता हे खरे, तथापि त्या वेळी तो पेइ हे क्रियापद वडील व घड्याळ यांसह वाक्यात वापरत होता. शिवाय आमच्या घड्याळात दुपारी साडेबाराला दहा वाजले, तेव्हा अर्जदार वेळेवर हजर होता. तरी परीक्षकांनी सदर घड्याळात पुन्हा दहा वाजता घरी येऊन, कशालाही हात न लावता, परीक्षा घ्यावी ही नम्र विनंती. स्टूल पुरवण्यात येईल.”