मोठ्या मापाचा पट्टा

मी एक पट्टा आहे. दंडाला गुंडाळून रक्तदाब मोजतात ना, तो. त्यातही मोठ्या मापाचा. मला शिवणारीने शेवटचा टाका घालताना म्हटलं होतं, "जा बाबा, कुणाच्या तरी उपयोगी पड."

वस्तीतल्या दवाखान्यात आलो आणि थेट कपाटात गेलो. "नवा आहे, खराब होईल," म्हणून सिस्टरनी मला पिशवीतून काढलंच नाही. वरचे साहेब तपासणीला आले की तेवढं दर्शन द्यायचं!

कपाटाच्या काचेतून मी मावशीला पाहायचो. उपाहारगृहात भांडी घासणारी, चिराचिरी करणारी, अंगाने भारदस्त. नेहमीचा पट्टा तिच्या दंडाला जेमतेम पुरायचा, फुगवला की फर्रकन सुटायचा. बाकावरच्या बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. कसाबसा टिकला, तरी आखूड पट्टा आकडा वाढवूनच सांगतो. त्या आकड्यावर गोळ्या वाढल्या आणि मावशीला कामावर भोवळ येऊ लागली. पुन्हा चक्कर आली तर मालक तिला घरी बसवणार होता.

"वजन उतरवा, मावशी. फिरा, फळं खा," डॉक्टर म्हणाले.

"फिरते की! गल्लीतल्या ट्रकना तेवढं बाजूला व्हायला सांगा. आणि फळं रोज कापते हो, गिऱ्हाइकांसाठी. माझ्या वाट्याला उरलंसुरलं तळण."

इतक्यात पट्टा सुटलाच. "आता काय करू तुमच्या या दंडाला?" सिस्टर वैतागल्या.

मावशी शांतपणे म्हणाली, "सिस्टर, झाकण लहान पडलं तर मी पातेल्याला नाही हो बोलत. दुसरं झाकण शोधते."

सिस्टर खुदकन हसल्या आणि त्यांनी माझ्या कपाटाची किल्ली काढली.

मी त्या दंडाला विळखा घातला. देवा, काय कष्टाचा हात तो! आत रक्त मात्र शहाण्या लेकरासारखं चाललं होतं. आकडा खाली आला. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "चुकलं आमचं, मावशी." गोळ्या कमी झाल्या, भोवळ थांबली, काम टिकलं.

दुसरी कुणी असती तर तेवढ्यावर समाधान मानून गेली असती. हिने पुढच्या खेपेला जाऊबाईंना आणलं, मग शेजारणीला. लोक हसतील या भीतीने दवाखाना सोडलेल्या सगळ्या. आता माझी कड झिजली आहे, चिकटपट्टी दमली आहे. पण आराम नकोसा वाटतो.

आज एक नवी सून दाराशीच अडली आहे. "मला नाही पुरायचा तो."

"पुरतो गं! आणि कुणी हसलंच, तर मी बसलेय ना इथे," मावशी म्हणते.

ये बाई, आत ये. हात दे.