वालूरची

अण्णासाहेब गुरुजी देवळाच्या पायऱ्या आडव्यानं उतरत होते. एक हात कठड्यावर, दुसरा बायकोच्या खांद्यावर. आधी उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी, मग दम. खाली पटांगणात पार्वतीबाई पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होती, पण पीत नव्हती. तिचं सगळं ध्यान त्या उजव्या गुडघ्यावर होतं.

शेवटच्या पायरीवर आल्याबरोबर गुरुजींनी बायकोचा खांदा सोडला, टोपी नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"काय बारीक काम आहे हो! चिनी मातीच्या बश्यांचे तुकडे लावून फुलं केलीत. सरळ उतरणाऱ्याला हे दिसायचंच नाही. मी मुद्दाम आडवा उतरलो."

"गुरुजींची नजरच येगळी," सेलूचा बन्सीधर किराणावाला म्हणाला. "आमी आपलं धाडधाड खाली आलो. फुलं बघायची ऱ्हाईलीच की."

चार जण हसले. गुरुजी पण हसले. सुमंगलाबाई मात्र पदरानं खांदा पुसत होत्या. गुरुजींच्या बोटांचे वळ उठले होते तिथं.

बँकॉकचं ऊन तसं परभणीच्या मानानं काहीच नव्हतं. पण आपलं ऊन भाजतं, हे उकडत होतं. अठरा जणांची अंगं नुसती भिजून गेली होती. हे सगळे परभणी जिल्ह्यातलेच, पण चार दिवसांपूर्वी कुणी कुणाला ओळखत नव्हतं. नागनाथ यात्रावाल्यानं सगळ्यांना हैदराबादच्या विमानतळावर एका ठिकाणी उभं केलं, गळ्यात पट्ट्या घातल्या आणि एकेकाचं नाव वाचलं. आता ह्याच्या डब्यातला चिवडा त्याच्या ताटात आणि त्याची गोळी ह्याच्या पोटात, इतकी दोस्ती झाली होती.

नावं वाचताना पार्वतीबाईनं गुरुजींना ओळखलं होतं. चारठाण्याचे अण्णासाहेब, रिटायर मुख्याध्यापक. छत्तीस वर्षांत केस गेले होते, पोट आलं होतं, पण बोलताना डावी भुवई वर चढवायची खोड तीच होती. त्यानं तिला ओळखायचं काही कारण नव्हतं. तिच्या पट्टीवर लिहिलं होतं, पार्वतीबाई, पिंगळी. पिंगळी सासर आणि पार्वती हे नाव पण सासरचं.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, वालूरला, बापाच्या घरी. बघायला सात जण आले होते. तिनं चहा दिला, भजी दिली, खाली मान घालून बसली. पोराच्या चुलत्यानं म्हटलं, जरा चालून दाखव. ती ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. तेव्हा पोरगा पहिल्यांदा बोलला. भुवई वर चढवून.

"पुन्हा एकदा. हळू. साडी जरा वर धरून. पाऊल कसं पडतं ते दिसू द्या."

बाप दारात उभा होता. शेजारच्या बाया खिडकीत होत्या. ती चालली.

आठ दिवसांनी निरोप आला, पोरगी पायानं अधू हाय. निरोप आणणाऱ्यानं तो येता येता पारावर पण सांगितला. पुढं तीन वर्षं वालूरच्या घरी बघायला कुणी आलं नाही. धाकटी बहीण आधी उजवली. मग बापानं पिंगळीच्या आबासाहेबाला दिली. आबासाहेबाची पहिली बायको वारली होती, पदरात जीवन नावाचा चार वर्षांचा पोरगा होता. माणूस सोन्यासारखा निघाला, जीवननं सख्ख्या आईसारखं मानलं, हे विमानाचं तिकीट पण त्यानंच काढून दिलं. आबासाहेब काही आले नाहीत. म्हशीला विमानात घेत असतेत का ते आधी इचार, म्हणाले. म्हणजे पार्वतीबाईचं वाईट झालं असं काही नव्हतं. पण बाप मेला तो खाली मान घालून मेला, आणि तेवढ्याचा हिशोब कुणाकडं मागायचा हे तिला कळत नव्हतं. विमानतळावर कळलं.

अडचण एकच होती. सुमंगलाबाई. विमानात त्या शेजारी बसल्या, माहेर-सासर विचारलं, पोरीपणीचं विचारलं, लिंबाचं लोणचं दिलं आणि त्या दिवसापासून दोघी सोबतच. राजवाडा सोबत बघितला, झोपलेला सोन्याचा बुद्ध सोबत बघितला. बाजारात एका बाईनं तळलेले किडे पुढं केले तेव्हा एकमेकींचा हात धरून पळाल्या सोबत. सुमंगलाबाईंनी आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. उद्या बेटावर जायचं म्हणून त्या लेकराच्या वर झाल्या होत्या. आणि गुडघ्याचं पण त्यांनीच सांगितलं होतं.

"संध्याकाळी एवढा सुजतो. गरम टॉवेलानं शेकते मी. पण कुणाला बोलू नका बरं पार्वतीबाई. त्यांना लय कमीपणा वाटतो."

पार्वतीबाईनं बाटलीचं टोपण लावलं.

नागनाथनं सगळ्यांना झाडाखाली गोळा केलं. वीस वर्षं त्यानं काशी-रामेश्वरच्या बसगाड्या नेल्या होत्या. आता विमानात बसायला लागला होता, पण ओरडायचा अजून बसमधल्यासारखाच.

"ऐका! उद्या समुद्र. बेटावर बोटीनं जायचं. तिथं बोटीला फळी-बिळी न्हाई, गुडघाभर पाण्यात चालत जाऊन वर चढायचं. ज्याचे पाय धड न्हाईत त्यानं आत्ताच सांगा. मागल्या साली एक आजोबा बोटीतून सरळ माझ्या अंगावर आले. ते ठणठणीत हायेत, माझी पाठ अजून दुखायलीय."

कुणी हात वर केला नाही. गुरुजी तर दोन्ही हात मागं बांधून सगळ्यांच्या पुढं उभे होते.

"नागनाथभाऊ," पार्वतीबाई म्हणाली.

"बोला काकू."

"तोंडानं काय, सगळेच धड हावोत म्हणतेत. जरा चालवून बघा की एकेकाला."

हशा पिकला. बन्सीधरनं लगेच छाती काढून दोन पावलं टाकून दाखवली. पार्वतीबाईनं सुमंगलाबाईकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

"आधी गुरुजी. गुरुजी सगळ्यात पुढं असतेत."

"अहो, मला काय झालंय!" गुरुजी म्हणाले, आणि चालले सुद्धा. झाडापासून त्या दगडी सिंहापर्यंत झपाझप, आणि सिंहाच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढ्या घाईत काय कळतंय," पार्वतीबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पुन्हा एकदा. हळू. प्यांट जरा वर धरून. पाऊल कसं पडतं ते दिसू द्या."

"काकू, तुमी तर डॉक्टरच झाल्या," नागनाथ म्हणाला. पण त्याच्या कपाळाला आठी पडली होती. "चाला गुरुजी. एक डाव चाला."

गुरुजींनी सगळ्यांकडं बघितलं. चारठाण्याला ह्या माणसानं किती पोरांना बाकावर उभं केलं असेल. आता नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी पँट वर धरली. उजवा गुडघा भोपळ्यासारखा दिसला. ते हळू निघाले, आणि हळू चालायला लागल्यावर लपवायला काही राहिलं नाही. पाचव्या पावलाला पाय मुडपला. बन्सीधर धावला म्हणून खाली पडले नाहीत.

"नापास, गुरुजी नापास!" मागून कुणीतरी म्हणालं. हसू आलं आणि लगेच दबलं.

"तुमी उद्या हॉटेलात थांबा गुरुजी," नागनाथ हळू आवाजात म्हणाला. "माझ्यावर राग धरू नका."

पार्वतीबाई बाटली उघडून घटाघटा पाणी प्यायली. छत्तीस वर्षं ह्या घटकेची वाट बघितली होती, आणि ती घटका अगदी होती तशीच आली होती. लोक होते, ऊन होतं, वर धरलेला कपडा होता.

गुरुजींना दगडी बाकावर बसवलं. लोक फोटो काढायला पांगले. पार्वतीबाई बाकाजवळ गेली. एवढं बोलल्याशिवाय तिला परत जाता येणार नव्हतं.

"गुरुजी, वालूरला तुमी एका पोरीला असंच चालवलं व्हतं. आठवतं का?"

गुरुजींनी घाम पुसला. भुवई वर चढवून खरंच आठवून बघितलं.

"वालूर... त्या वर्षी पुष्कळ गावं झाली हो. वालूर. हां, वालूरला भजी चांगली होती. कोथिंबिरीची. आई सुद्धा पुष्कळ दिवस म्हणत होती."

"आन् पोरगी?"

"मुलगी काही लक्षात नाही. का हो? तुमच्या नात्यातली का?"

पार्वतीबाईनं आपल्या पावलांकडं बघितलं.

"व्हय. नात्यातलीच," ती म्हणाली, आणि नदीकडं चालायला लागली.

पलीकडच्या काठाला नेणारी बोट यायची होती. धक्क्यावर फळकुटाचं बाक होतं, त्यावर ती बसली. पाण्यातनं जलपर्णी वाहत चालली होती. ती भजी तिनं स्वतः तळली होती, चुलीपुढं बसून, पहिल्या घाण्यात हात पोळून. आणि सुमंगलाबाईंचा समुद्र गेला तो गेलाच.

त्या आल्याच. येऊन शेजारी बसल्या. पार्वतीबाई बोलायच्या आधीच म्हणाल्या,

"त्यांना न्हाई आठवत. मला आठवती."

"कोण?"

"वालूरची." सुमंगलाबाई पाण्याकडं बघत होत्या. "सासूबाई नुसतं वालूरची म्हणायच्या. मी काळी, वालूरची गोरी. माझी भाकरी करपली, वालूरची सुगरण. मला पहिली पोरगी झाली, तर म्हणे, पायानं अधू असली तरी वालूरचीच करायला पाहिजे व्हती. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. मरायच्या आधी आठ दिवस पण भजी खाऊन तेच म्हणाल्या."

पार्वतीबाई बाकावरच त्यांच्याकडं वळली.

"मी तिला कवा बघितलं न्हाई, पण पस्तीस वर्षं तिला शिव्या दिल्या बगा. मनातल्या मनात. भांडी घासताना. विमानात तुमी माहेर सांगितलं, पोरीपणी कुणी बघून नाकारलं ते सांगितलं, तिथंच कळलं मला. चार दिवस तुमच्या मागनं चालायलेय. बघायलेय."

"काय बघायलाव?"

"लंगडता का ते." सुमंगलाबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडं तोंड केलं. "म्हणलं निदान लंगडी तरी असंल. तर तुमी आपल्या हरणासारख्या. लय राग आला मला."

पार्वतीबाईनं चपलेतून पाऊल बाहेर काढलं. तळव्यावर एका जागी बोट टेकवलं.

"काटा मोडला व्हता," ती म्हणाली. "बाभळीचा. आदल्या दिशी शेतात. बापाला पण बोलले न्हाई, म्हणलं पावणे आल्यावर कशाला."

सुमंगलाबाईंनी वाकून त्या तळव्याकडं बघितलं.

"मी आज तुमच्याशी लय वंगाळ वागले, ताई. इश्वासानं सांगितलेलं चव्हाट्यावर मांडलं."

"गुडघ्याचं मी सख्ख्या लेकीला पण सांगितलं न्हाई," सुमंगलाबाई म्हणाल्या. "तुमाला सांगितलं. तुमी कोण ते कळल्यावर."

त्यांनी ते इतक्या सरळ आवाजात सांगितलं की पार्वतीबाईला आधी त्यात काही कळलं नाही. मग कळलं, आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. शांत, गोल चेहरा. लोणचं देताना होता तसाच.

बोट लागली. सगळे घाईनं चढले. गुरुजींना दोघांनी धरून चढवलं आणि कडेच्या जागेवर बसवलं. दोघी त्यांच्या समोर बसल्या. मधी उभा राहून नागनाथनं यादी काढली.

"उद्या समुद्रापर्यंतच्या गाडीत जोडीजोडीनं बसवायचंय. गुरुजी थांबणार..."

"दोन नावं कमी कर," गुरुजी म्हणाले. "सुमंगला माझ्याजवळ थांबेल. टॉवेल वगैरे लागतो."

"एकच नाव खोडा, भाऊ," सुमंगलाबाई म्हणाल्या. "मी जाणार."

गुरुजींची भुवई चढली.

"अगं, मी दिवसभर..."

"गरम पाणी नळाला येतं. टॉवेल खुंटीला हाय."

बन्सीधरनं नदीकडं तोंड फिरवलं. नागनाथनं ऐकलंच नाही असं दाखवून पेन झाडलं.

"बरं. तुमच्या शेजारी कोण लिहू?"

सुमंगलाबाई पार्वतीबाईच्या कानाशी वाकल्या. "माहेरचं नाव काय व्हतं तुमचं?"

पार्वतीबाईला ते नाव तोंडावर आणायला जरा वेळ लागला. तिनं हळूच सांगितलं.

"चंद्रकला," सुमंगलाबाई नागनाथला म्हणाल्या, चांगल्या मोठ्यानं. "चंद्रकला लिहा."

नागनाथनं यादीवर बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर.

"अशी कुणी न्हाई आपल्यात, काकू."

समोर अण्णासाहेब गुरुजी तोंड उघडं ठेवून काहीतरी आठवत होते. मग त्यांची नजर हळूहळू खाली आली, आणि बोट पलीकडच्या काठाला लागली तरी पार्वतीबाईच्या पायांवरून हलली नाही.