बारशिंग्याचं शेपूट

“मुंडक्याशिवाय बारशिंगा उभा करू काय? गाव शेण घालेल तोंडात!” थरथरत्या हातानं आमच्या ह्यांनी थापी आपटली.

हे, म्हणजे लुद्विक, गावातले शेगड्या बांधणारे; घर उबवायच्या, भिंतीला लागून बांधलेल्या विटा-टाइलांच्या मोठ्या शेगड्या. रानातला काउंटचा शिकारमहाल लढाईत जळाला आणि उरलेल्याची गावानं वीट न् वीट घरी नेली. महालातल्या छताएवढ्या शेगडीच्या टाइलांवर शिकारीचं एकच मोठं चित्र होतं. त्या टाइला ह्यांनी घरोघरच्या शेगड्यांत बसवल्या. मग काय, शिकारी पाद्रीबाबांकडे, कुत्रे खाटकाकडे आणि बारशिंग्याचं ढुंगण माझ्या नशिबी! मुंडकं मात्र ब्रोन्काकडे. लग्नाआधी हे तिच्या दारावरून घिरट्या घालायचे, सगळ्या गावाला ठाऊक. उभा जन्म मी त्या शेपटासमोर कोबी शिजवला आणि मनातल्या मनात जळले.

आता गावाच्या सभागृहात ती शेगडी पुन्हा बांधायची ठरलं. “ही शेवटची,” हे म्हणाले. “एकदा पुरा बारशिंगा बघतो आणि थापी ठेवतो.” लोकांनी टाइला काढून दिल्या, बदल्यात साध्या पांढऱ्या घेतल्या. ब्रोन्काकडे जायला मात्र हे धजेनात. मी तरी कशाला जाऊ? पण ते हात बघवेनात. गेले शेवटी मीच.

“ब्रोन्का, मुंडकं दे.”

“ने बाई, एकदाचं ने! कपाळापासून नाकापर्यंत तडकलंय. बसवल्यापासून धूर खातेय मी. लग्नाला नाही म्हटलं, त्याचा सूड उगवला मेल्यानं!”

अगं बाई! म्हणजे हिनंच नकार दिला होता! मी मुंडकं पदराआड घेऊन तरातरा सभागृहात आले.

“अहो, तडकलेली टाइल दिलीत तिला?”

“मग? धड होती ती आपल्या घरात लावली,” माती कालवता कालवता हे म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

या वयात लाजले मी. घरी जाऊन सुरीनं शेपटाची टाइल खरवडून सोडवायला बसले, तर मागून येऊन ह्यांनी सुरी काढून घेतली.

“राहू दे. थंडीत तू पाठ टेकतेस तिथं.”

“आणि तुमचा पुरा बारशिंगा?”

“पुढून पुरा आहे की.”

उद्घाटनाला शेगडी पेटली. शिंगं, डोळे, पाय, सगळं जागच्या जागी आणि मागे एक कोरी पांढरी टाइल. पाहुणे खो खो हसले. खाटीक ओरडला, “लुद्विकदादा, शेपूट कुठं गहाण टाकलंत?”

ह्यांनी थापी धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. घरी आल्यावर आम्ही दोघं शेपटाला पाठ टेकून बसलो.