शर्वरीचं पुढं काय झालं

मी मुक्ताबाईचा मोबाईल बोलतोय. बोलतोय आपलं म्हणायचं, कारण माझा आवाज दोन वर्षांपूर्वीच गेला. पाण्याच्या बादलीत पडलो. दोन दिवस तांदळात पुरून ठेवलं. बाहेर निघालो तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. मुक्ताबाई माझ्याशी बोलली तर तिचं बोलणं मी पलीकडे पोचवतो. पलीकडच्याला मात्र तिला काही सांगायचं असेल तर लिहूनच पाठवावं लागतं.

बाकी माझं वाचन दांडगं आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्यावर ज्या गोष्टी वाचल्या गेल्या त्यांना फॅनफिक्शन म्हणतात. म्हणजे मालिकेतली नाहीतर पुस्तकातली आवडती माणसं घ्यायची आणि त्यांचं पुढचं आयुष्य आपणच लिहायचं. हा शब्द मला उशिरा कळला. वेळेवर कळला असता तर बरंच काही टळलं असतं.

माझी पहिली मालकीण केडगावची, बँकेत नोकरीला. तिने नवा फोन घेतला आणि मला विकून टाकलं. मग पाथर्डीच्या एका दुकानात काचेखाली पडून राहिलो. तिथून मुक्ताबाईने मला घरी नेलं. घर पाथर्डीपासून आत एका वस्तीवर. नवरा भाऊसाहेब, सासू चांगुणाबाई आणि नववीतली मुलगी सृष्टी. दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. तेवढे महिने सृष्टी आजीपाशी राहते.

गेल्या पावसाळ्यात रोज साडेसातला एक मालिका लागायची. शर्वरी नावाची नर्स, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, आणि तिची मुलगी पिहू आजीजवळ राहिलेली. ती बघण्याच्या नादात मुक्ताबाईने किती भाकरी करपवल्या त्याची गणतीच नाही. ट्रॅक्टरमध्ये चढताना तिने सृष्टीला एवढंच सांगितलं, की शर्वरीचं पुढं काय होतंय ते आजीच्या मोबाईलवरून रोज लिहून पाठव.

आमचा मुक्काम सोनईच्या बाजूला, उसाच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये. तिथे टीव्ही कुठला? मला चार्जिंगसाठी चहाच्या टपरीवर ठेवायचे आणि तिथेच सृष्टीचा मजकूर माझ्यात उतरायचा. दुपारी भाकरीच्या सुट्टीत मुक्ताबाई मला पिशवीतून काढायची. सातवीपर्यंत शिकलेली, ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायची. सहा-सात बायका मोळ्यांवर बसून ऐकायच्या. वाचून झालं की ती मला तोंडाजवळ धरून शर्वरीच्या सासूला दोन शिव्या हासडायची, आणि मी त्या इमानाने सृष्टीला पोचवायचो. दिवसातला तो अर्धा तास मला आवडायचा. एरवी पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी पडून राहायचं, दुसरं काय?

दिवाळीनंतर मालिका बदलली. आधीची शर्वरी स्वयंपाकघरातही रेशमी साडी नेसायची. आता तिच्या हाताला घट्टे पडले होते, आणि तिच्या खोलीला दाराऐवजी गोणपाट होतं. पिहू पहाटे पाणी भरायची आणि तिला गणितात वीसपैकी अठरा मार्क पडायचे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मालिकेतल्या मुलीचे गणिताचे मार्क कधी कोणी सांगतं का? पण ही शर्वरी मला जास्त आवडायला लागली होती. बायकांनाही आवडली. मालिका आता कुठं खरी वाटाया लागली, असं एक म्हणालीसुद्धा.

संक्रांतीनंतर एका दुपारी मजकूर आला. पिहूला बघायला पाहुणे आले. आजीनेच बोलावले होते. मुलगा पंचवीसचा, पिकअप चालवतो. पिहूला दहावी करायची आहे, पण तिला कोणी विचारत नाही. शेवटी सृष्टीने लिहिलं होतं: 'आई, तुला काय वाटतं? पिहूचं लग्न व्हावं का?'

बायकांनी एकच गलका केला. मुक्ताबाईने हसत हसत मला तोंडाशी धरलं.

"घर बरं असंल तर देऊन टाकावं. तरनी पोर म्हातारीपाशी किती दिस ठेवायची? उरकून टाका म्हनावं."

मागे बायका हसत होत्या. ते हसणंही मी त्या निरोपात भरलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी एकच ओळ आली. 'पिहू हो म्हणाली.' मग चार दिवस काही नाही. मग पुन्हा एक ओळ, 'आज शर्वरीचं काही दाखवलं नाही.' मुक्ताबाई वैतागली. मालिकावाले असेच, ऐन रंगात आलं की ताणतात, असं म्हणत तिने कोयता उचलला.

त्याच आठवड्यात टोळीत शुभांगी आली. बारावी शिकलेली, लग्नाला वर्ष झालेलं. दुपारी शर्वरीचा विषय निघाला तेव्हा तिला काही उमगेना.

"ती मालिका तर दिवाळीतच संपली की," ती म्हणाली. "शेवटी समद्यांनी माफी मागितली आन् शर्वरीला घरात घेतलं."

मुक्ताबाईने तिला वेड्यात काढलं आणि सृष्टीचा मजकूर दाखवला. शुभांगीने बराच वेळ वाचलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे मालिकेतलं न्हाई, मावशी. ह्येला फॅनफिक्शन म्हनत्यात. तुमच्या पोरीनं सोता लिवलंय. लई चांगलं लिवलंय."

बायकांनी सृष्टीचं कौतुक केलं. आईला करमावं म्हणून पोर गोष्टी रचते, याचं सगळ्यांना अप्रूप वाटलं. मुक्ताबाईही हसली. संध्याकाळी टोळी परतताना ती मात्र बांधावर मागे राहिली आणि मला काढून पाहुणे आल्याचा भाग पुन्हा वाचू लागली. या वेळी मोठ्याने नाही. 'पिहू हो म्हणाली' या ओळीवर तिचं बोट थांबलं, ते उचललंच नाही. माझी काच ओली झाली तरी तिने पुसली नाही. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर मी काय म्हणालो असतो कोण जाणे. तो निरोप मीच पोचवला होता.

कोपीसमोर भाऊसाहेब कोयत्याला धार लावत होता. मुक्ताबाई जाऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"सृष्टीला बघाया मानसं येऊन गेली का?"

त्याने मान वर केली नाही. "आयचा माझ्या मोबाईलवर फोन आल्ता. ठरवलं काय न्हाई अजून. पट्टा पडला, हंगाम सरला की तुला सांगनार हुतो."

"पोर चौदाची हाय."

भाऊसाहेब कोयत्यावर दगड घासत राहिला. चांगुणाबाईला आता नीट दिसत नाही. वस्तीवर एकट्या पोरीची राखण कशी करायची, या काळजीने तिने हे केलं होतं. त्याला आईचं पटलं होतं, आणि बायकोला सांगायचा धीर झाला नव्हता.

सकाळी मुक्ताबाईने मुकादमाला सांगितलं की दोन दिवस येणार नाही, आणि एसटी धरली. घरी पोचली तेव्हा सृष्टी शाळेत होती. तिने सासूशी भांडण केलं नाही. पाहुण्यांच्या घरचा नंबर मागून घेतला आणि शेजारणीच्या फोनवरून नकार कळवला. म्हातारीला पुढे आपल्या धाकट्या जावेच्या घरी रोज रात्री झोपायला जायचं ठरवून दिलं, सृष्टीला घेऊन. तिला वाटलं आता सगळं झालं.

सृष्टी दप्तर घेऊन आली. आईला बघून दारातच थांबली. लग्न मोडलं हे ऐकून घेतलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "कधी जानार?"

मुक्ताबाई म्हणाली, "उद्या." सृष्टीने मान हलवली आणि वही उघडून बसली. रात्री दोघी शेजारी झोपल्या. तो निरोप मालिकेतल्या पोरीसाठी होता, हे मुक्ताबाईला सांगायचं होतं. ती दोनदा कुशीवर वळली. सृष्टी जागी होती, हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं.

तेव्हापासून माझ्यावर सृष्टीचं एक अक्षर आलेलं नाही. मला इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं, दुकानात काचेखाली पडलो होतो तेव्हाही नाही. बायकांची दुपार सुनी जाऊ नये म्हणून शुभांगीने माझ्यात एक ॲप घातलं. शर्वरीच्या फॅनफिक्शनचा तिथे नुसता ढीग आहे. एकीत ती कलेक्टर होते. एकीत तिची सासू म्हणजे तिची हरवलेली बहीण निघते. वाचायला मजा येते, खोटं कशाला बोलू? पण मुक्ताबाई दोन भाग ऐकून उठते आणि मोळ्या बांधायला लागते.

परवा दुपारी मात्र ती ऐकायला बसलीच नाही. लांब जाऊन सावलीला बसली. मी नेहमीसारखं तिच्या तोंडाकडे जाण्याची वाट बघत होतो, पण तिने मला गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला लागली. आजवर तिने माझ्यावर एक शब्द लिहिला नव्हता. कोयत्याने जाड झालेलं बोट एका अक्षराऐवजी दोन अक्षरांवर पडायचं. पुसायची, पुन्हा लिहायची. भाकरी तशीच फडक्यात राहिली.

'शर्वरी घरी आली. पिहू म्हनाली कधी जानार. शर्वरीला रडू आलं पन ती रडली न्हाई. शर्वरीला वाटलं गोष्ट दुसऱ्याच्या पोरीची हाय म्हनून ती हसली. शर्वरीला वाचता येतं पन कळाया उशीर लागला. पिहूचं लगीन होनार न्हाई. पिहू शिकनार. शर्वरी चुकली. पुढं काय झालं ते शर्वरीला म्हाईत न्हाई. ते पिहूनं लिहावं.'

इतक्या महिन्यांत मी वाचलेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच आवडली. शुद्धलेखन कच्चं आहे, पण यातली शर्वरी मी ओळखतो.

तो मजकूर तुझ्यापर्यंत पोचलाय, सृष्टी. दोन खुणा उमटल्यात, अजून निळ्या झालेल्या नाहीत. मी जुना मोबाईल, मला कोण विचारतो? तरी एवढं ऐक. पिहू रुसली आहे असं लिही. पिहू आईशी कधीच बोलणार नाही असंही लिही हवं तर. पण लिही. इथे तुझी आई रोज दुपारी मला पिशवीतून काढते, बघते आणि परत ठेवून देते.