सासूबाईंचं इनाम

सासूबाईंच्या डोक्यावर एके काळी छत्तीस हजार मोहरांचं इनाम होतं. आता ते बाराशेवर आलं होतं आणि याचं दुःख घरात फक्त सासूबाईंनाच होतं.

"बाराशेत धड नांगर येत नाही," बंदराच्या भिंतींवर लागलेल्या आपल्या इनामाच्या पत्रकांतलं काढून आणलेलं एक खिडकीशी धरून त्या म्हणायच्या. "आणि नाक बघ काय काढलंय. बटाटा नुसता."

सुनेला नाकाशी देणंघेणं नव्हतं. तिला ते पत्रकच नको होतं, कारण बाराशे हा आकडा फार वाईट. छत्तीस हजारांच्या दर्यावरच्या चाचिणीला हात लावायला शहाणा माणूस धजत नाही; बाराशेसाठी मात्र कुणीही हौशी गडी सुरी घेऊन दारात येतो. गेल्या महिन्यात दोघे येऊन गेले होते. एकाला सासूबाईंनी कपडे वाळत घालायच्या काठीने हाकललं. दुसऱ्याची दाढ दुखत होती, त्याला लवंग देऊन वाटेला लावलं. पण त्या गोंधळात सात महिन्यांची बाळी दचकून उठली, ती दोन दिवस झोपेना. तेव्हापासून सून दाराला खुर्ची लावायची, खुर्चीवर पातेलं, पातेल्यावर झाकण. वाऱ्याने झाकण वाजलं तरी ती लाटणं घेऊन दाराशी धावायची.

हजाराच्या खाली इनाम गेलं की पत्रक उतरतं, असा इनाम लावणाऱ्या कचेरीचा नियम होता. आणि इनाम गुन्ह्यांवरून ठरायचं नाही. लुटालूट काय, तिथे सगळेच करत. कचेरी मोजायची ती वट. वर्षातून एकदा मोजणीदार चाच्याच्या घरी येऊन अख्खी सकाळ कोपऱ्यात बसायचा आणि कुणाच्या सांगण्यावरून किती माणसं उठतात, बसतात, गप्प होतात, तितक्या रेघा त्याच्या नावावर ओढायचा. एका रेघेला तीनशे मोहरा.

"आई, उद्या तीनच रेघा," सून म्हणाली. "चौथी झाली की मेलो. कुणाला काही सांगायचंच नाही. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचं."

"म्हणजे मी मेले असं दाखवायचं."

"थकलात असं दाखवायचं."

"थकायला तुझ्या नवऱ्याला सांग. इतकी वर्षं जहाजावर स्वयंपाक करतोय, एक रेघ नाही पठ्ठ्याच्या नावावर."

नवरा मान खाली घालून कांदा चिरत राहिला. घरी आला तरी त्याच्या हातातला कांदा सुटत नसे.

सासूबाईंनी पाळण्यात एकदा डोकावून पाहिलं. "नातीसाठी गप्प बसते," त्या म्हणाल्या. "पण एकच सकाळ."

दुसऱ्या दिवशी मोजणीदार आला. किडकिडीत, नीटनेटका माणूस. फक्त त्याचे बूट करकर वाजायचे. तो पाळण्याशेजारच्या स्टुलावर वही उघडून बसला. सासूबाई शाल पांघरून भिंतीला टेकल्या, त्या इतक्या थकल्या की सुनेलाच क्षणभर काळजी वाटली. बाळी रात्रभर रडून नुकतीच झोपली होती. सगळं कसं मनासारखं चाललं होतं.

पण सून एक गोष्ट विसरली होती. मोजणीच्या दिवशी जुन्या खलाशांनी आपल्या कप्तानाच्या घरी जमून हुकमासरशी उठाबशा काढायच्या, म्हणजे कप्तानाची पत राहते, ही बंदराची रीत होती. यंदा येऊ नका, असं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

नऊ म्हातारे दारातून धाडधाड आत शिरले. एकाचा पाय लाकडी, दुसरा ठार बहिरा, त्यामुळे तो बोलायचा तो ओरडूनच.

"कप्तानबाई, हुकूम करा," बहिरा गरजला.

सासूबाईंनी तोंड उघडलं. सवयच ती, सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? पण नातीकडे लक्ष गेलं आणि त्यांनी ते मिटलं.

"हुकूम," नऊही जण ओरडले.

पाळण्यात हालचाल झाली.

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि नऊ जणांवरून नजर फिरवली. नऊ जण जागच्या जागी थिजले. लाकडी पायवाल्याने पाय उचललेला होता, तो तसाच हवेत राहिला. तिने जमिनीकडे बोट केलं, सगळे बसले. बुटांकडे केलं, बूट निघाले. नवऱ्याची सुरी अर्ध्या कांद्यात थांबली. खोकला आलेल्या सासूबाईंनी तो गिळला. मग करकर झाली. सुनेने वळून पाहिलं. मोजणीदाराने निमूट बूट काढले आणि मांडीवर घेतले.

दुपारपर्यंत घरात बारा माणसं हाताची घडी, तोंडावर बोट अशी बसली होती.

निघताना मोजणीदार चवड्यांवर दारापर्यंत आला. सुनेने जीव मुठीत धरून हळूच विचारलं, "आईंच्या किती झाल्या?"

"एकही नाही," तो कुजबुजला आणि बूट हातात घेऊन गेला.

त्या दिवशी सून कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवली. सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही.

चार दिवसांनी नवरा बंदरावरून धापा टाकत आला. सासूबाईंचं पत्रक उतरलं होतं. त्याच जागी दुसरं लागलं होतं, तेच त्याने सोलून आणलं होतं. चित्रातल्या बाईच्या ओठांवर बोट होतं. खाली लिहिलं होतं: बाळीची आई, तीन हजार सहाशे.

सुनेने आधी दाराला खुर्ची लावली, मग पातेलं, मग झाकण.

"बारा रेघा," नवरा बोटं मोजत म्हणाला. "नऊ ते, मी, आई. बारावा कोण?"

"तोच की. प्रामाणिक माणूस, स्वतःलाही धरलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पत्रक खिडकीशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं. "पहिल्याच मोजणीत बारा. मला पहिल्या वर्षी दोन मिळाल्या होत्या, त्यातली एक बोकडाची. आणि हिचं नाकही धड काढलंय मेल्यांनी."

"आई, आता बाळीचं कसं होणार?"

सासूबाई उत्तर देणार, तोच दारामागे पातेल्यावरचं झाकण वाजलं. या वेळी वारा नव्हता.

बाळीचा नुकताच डोळा लागला होता. झाकण आणखी वाजलं असतं तर बाळी उठली असती, आणि त्यापुढे बाकीचं सगळं लहान होतं. तिने झाकण उचललं, पातेलं उचललं, खुर्ची अलगद सरकवली आणि दार उघडलं. उंबऱ्यावर दाराएवढाच रुंद माणूस, एका हातात तलवार, दुसऱ्यात पत्रक. तो पत्रकातला चेहरा आणि समोरचा चेहरा ताडून पाहू लागला.

सुनेने ओठांवर बोट ठेवलं आणि पाळण्याकडे मान वळवली.

त्याने आत पाहिलं. तलवार बोटभर बोटभर करत, आवाज न होऊ देता म्यानात घातली. मग तो खाली वाकला आणि बुटांचे बंद सोडू लागला.

सासूबाईंनी चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर हळूच एक रेघ ओढली.